समोरच्याला आपण आवडतोय, हे आपल्याला का कळत नाही?

मासुंदा, ठाणे (प.)

ठाण्यातल्या एका वधूवर सूचक मंडळाचं काम मी बघते. नोंदणी, फोटो, पत्रिका हे सगळं असतंच, पण माझ्या वाट्याचं खरं काम म्हणजे पहिली भेट जमवून देणं. गोखले रोड नाहीतर राम मारुती रोडवरच्या एखाद्या हॉटेलात दोघांना एका टेबलावर बसवायचं, आईवडलांना दुसऱ्या टेबलावर, आणि आईवडलांच्या माना सारख्या तिकडे वळू नयेत म्हणून त्यांच्याशी बोलत राहायचं. मग रात्री दोन्हीकडे फोन करायचे. त्या रात्रीच्या फोनांवरून हा धागा काढतेय.

मुलगा म्हणतो, "मला आवडली हो ती, पण तिला काही विशेष वाटलं नसणार. मीच फार बोललो." मुलीला फोन लावावा तर तिचंही तेच. "ताई, माझ्याकडून हो आहे, पण त्यांना मी बोअर वाटले असणार." आणि मी पलीकडच्या टेबलावरून बघितलेलं असतं की चहाचे कप कधीच रिकामे झालेत, वेटर दोनदा येऊन गेलाय, तरी दोघांपैकी एकानेही बिल मागितलेलं नाही.

हे फक्त लग्नाळू मुलामुलींचंच आहे असंही नाही. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली याच विषयावर काम प्रसिद्ध केलं. अनोळखी माणसांना जोडीने गप्पा मारायला बसवलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं: समोरचा तुम्हाला किती आवडला, आणि तुम्ही त्याला किती आवडला असाल? दुसऱ्या प्रश्नाला लोक सरसकट कमी गुण देत होते. प्रत्यक्षात ते समोरच्याला त्यापेक्षा जास्त आवडलेले होते. हे वाचलं तेव्हा मला माझे सगळे फोन आठवले.

माझं म्हणणं असं की त्या वेळी आपण समोरच्याकडे बघतच नसतो. आपण स्वतःकडे बघत असतो. आवाज चिरका तर येत नाहीये ना, शर्टाला घाम दिसतोय का, आत्ता बोललो ते वेड्यासारखं वाटलं का. समोरचा माणूस हसतोय, पुढे झुकलाय, तुमचंच वाक्य धरून पुढचा प्रश्न विचारतोय, ते सगळं डोळ्यांसमोर होऊनही नजरेतून निसटतं.

दुसरी गोष्ट. रील्सवर हल्ली 'या पाच खुणा दिसल्या तर समजा' असं फार चालतं. तिने केस मागे घेतले, त्याने कॉलर नीट केली, झालं, प्रेम! अहो, हॉटेलात डोक्यावर पंखा असतो, केस मागे घ्यावेच लागतात. सुटी खूण घेऊन काहीही कळत नाही. तो माणूस एरवी कसा असतो आणि तुमच्यासमोर कसा होतो, यातला फरक बघायला लागतो.

एक उदाहरण देते. एक मुलगी आमच्याकडे आली होती, अतिशय बोलकी. फॉर्म भरता भरता तिने मला ऑफिसमधलं अख्खं राजकारण सांगून टाकलं होतं. भेटीच्या दिवशी मात्र सुरुवातीला जवळजवळ गप्प. तिच्या आईचा जीव वरखाली, "हिला पसंत पडलेला दिसत नाही हो." मला मात्र वेगळं दिसत होतं. आल्या आल्या तिने पर्स मांडीवर घेतली होती, दोन्ही हातांनी धरून. थोड्या वेळाने पर्समधला फोन थरथरला. तिने आत हात घालून, कोणाचा आहे तेही न बघता तो बंद केला आणि पर्स उचलून बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. मांडीवर पर्स धरलेली मुलगी उठायच्या तयारीत असते, हे मी पुष्कळदा बघितलंय. पर्स खुर्चीवर गेली म्हणजे ती आता बसली. त्यानंतर त्या मुलाने पाण्याचा ग्लास उचलला की हिचाही हात ग्लासकडे जाई, तो कोपर टेकून बसला की थोड्या वेळात हीसुद्धा. दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. अशा नकळत होणाऱ्या नकलेवर तान्या चार्ट्रंड आणि जॉन बार्ग यांनी १९९९ साली प्रयोग केले होते: माणसं समोरच्याच्या हालचाली उचलतात, आणि ज्याच्या हालचाली उचलल्या जातात त्याला समोरचा जास्त आवडतो. बोलक्या माणसाचं गप्प होणं, आणि मग पर्स, आणि मग ग्लास. यातली एकच गोष्ट दिसली असती तर मी काहीच म्हटलं नसतं.

मला स्वतःला सगळ्यात भरवशाची वाटते ती आठवण. तुम्ही मागच्या भेटीत सहज बोलून गेलात की तुम्हाला कोथिंबीर आवडत नाही, आणि या वेळी समोरच्याने वेटरला आपणहून सांगितलं, "यांच्या प्लेटमध्ये कोथिंबीर नको." हे शिष्टाचार म्हणून करता येत नाही. त्याला तुमचं बोलणं मनात ठेवावं लागतं.

तुमचे अनुभव लिहा. कळलेल्या खुणांचे, आणि न कळलेल्यांचेही.

—

प्राजक्त_सकाळ

छान विषय, ताई. निघताना दारात रेंगाळणं हेही घाला यात. आमच्याकडे 'चला निघतो' म्हटल्यावर चपला घालून जो अर्धा तास उभ्याने बोलतो, त्याला घर आवडलेलं असतं.

—

घणसोलीकर

पहिल्यांदाच लिहितोय इथे. प्रश्न थेट विचारतो. माझ्या ऑफिसमध्ये, ऐरोलीला, एक मुलगी आहे. आम्ही दोघंही ट्रान्स हार्बर लोकलने येतो, ती ठाण्याहून, मी घणसोलीहून. कॅन्टीनमध्ये ती माझ्यासाठी जागा धरते, डब्यातलं देते. पण ती देते सगळ्यांनाच. स्वभावच तसा आहे तिचा. हसते छान, पण सगळ्यांशीच. मग मी काय समजायचं? तीन महिने हेच डोक्यात आहे. गंमत म्हणून विचारत नाहीये.

—

मासुंदा

घणसोलीकर, तुम्ही अर्धं उत्तर स्वतःच दिलंयत. जे ती सगळ्यांसाठी करते ते बाजूला ठेवा, तो तिचा चांगुलपणा. फक्त तुमच्यासाठी होतं असं काही आहे का? तुम्ही रजेवर असलात तर दुसऱ्या दिवशी ती विचारते का? चारजण हसले की तिची नजर पहिली कोणाकडे जाते? तुमच्याशी बोलताना विषय संपला तर ती नवा काढते की फोन काढते? आठवडाभर हे बघा. आणि बघताना 'मी कसा दिसतोय' हे सोडून द्या.

—

खारेगाव_टोकावर

आठवडाभर कशाला बघायचं? सरळ विचार, मित्रा. "शनिवारी उपवनला चहा प्यायला येतेस का, आपण दोघंच." 'आपण दोघंच' हे दोन शब्द नक्की म्हण, नाहीतर ती अख्खी टीम घेऊन येईल. ती नाही म्हणाली आणि दुसरा दिवस सुचवला नाही, तर ते नाहीच आहे. "शनिवारी घरी पाहुणे आहेत, रविवारी चालेल?" म्हणाली तर यापेक्षा मोठी खूण जगात नाही. दुसरा दिवस स्वतःहून सुचवणं.

—

दंतकथा_कोपरखैरणे

मी एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. धाग्यात कोणीतरी हे लिहायलाच हवं म्हणून लिहितेय.

आमचं हसणं हे आमचं काम आहे. "या सर, बसा, पाणी घेणार का", पेशंटचं नाव लक्षात ठेवणं, मागच्या वेळी दाढ कुठली दुखत होती ते विचारणं, हे सगळं आम्हाला शिकवलेलं असतं, आणि नसतं शिकवलं तरी दुखऱ्या माणसाशी नीट बोलावं असं वाटतंच. मासुंदाताईंनी लिहिलेली आठवणीची खूण आमच्या बाबतीत लागू होत नाही, कारण नोंद समोरच्या स्क्रीनवर असते. एक गृहस्थ याच हसण्यावरून काहीतरी समजून बसले. ट्रीटमेंट संपली तरी येत राहिले, मग सुटायच्या वेळी खाली रिक्षा स्टँडजवळ उभे राहू लागले. मला डॉक्टरांना सांगावं लागलं, घरी सांगावं लागलं, आणि बरेच दिवस भाऊ न्यायला यायचा. बँकेतली मुलगी, मॉलमधली सेल्सगर्ल, हॉटेलातली वेट्रेस, हवाई सुंदरी, आम्ही खुर्ची सोडून उठून जाऊ शकत नाही. जो माणूस उठून जाऊ शकत नाही, त्याच्या वागण्यातून खुणा काढूच नका, ही कळकळीची विनंती.

—

मासुंदा

दंतकथा, मनापासून आभार. मी हे मूळ लेखातच लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या मंडळातल्या मुलांना सांगणार आहे.

आणि हे केवळ त्या एका गृहस्थांपुरतं नाही. अँटोनिया अ‍ॅबीने १९८२ साली एक प्रयोग केला होता. एक पुरुष आणि एक स्त्री साध्या गप्पा मारतायत, आणि दुसरे एक पुरुष आणि एक स्त्री लपून ते बघतायत. बोलणाऱ्या आणि बघणाऱ्या, दोन्ही पुरुषांना त्या स्त्रीच्या मोकळेपणात स्त्रियांपेक्षा जास्त 'इशारा' दिसला. म्हणजे ओळख नसलेल्या बाईचं साधं सौजन्यही पुरुषाला वेगळं वाटू शकतं. मी लेखात लिहिलं की आपल्याला खुणा कमी दिसतात. समोरासमोर बसून मनापासून गप्पा मारणाऱ्यांचं तसं होतं. पण ज्याला आधीच काहीतरी हवं आहे त्याला नसलेल्याही दिसतात. दोन्हीकडे चूक एकच, समोरच्या माणसाकडे न बघणं.

—

कायदेपंडित_नाही

दंतकथाताईंनी लिहिलेलं रिक्षा स्टँडवर उभं राहणं हा गुन्हा होऊ शकतो, हे वाचणाऱ्यांना माहीत असावं. स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं किंवा संपर्क साधायचा प्रयत्न करणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं, यासाठी २०१३ मध्ये भारतीय दंड विधानात कलम ३५४ ड घातलं गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात ते कलम ७८ आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शब्दांत नाही म्हटलेलं असो की वागण्यातून स्पष्ट दाखवलेलं असो, तिथे थांबायचं.

—

सावळी_सांज

हा धागा कालपासून तीनदा वाचला. मला वेगळ्याच बाजूने लिहायचंय.

मी सावळी आहे आणि अंगानेही भरलेली. लहानपणी आमच्या चाळीत, मग कॉलनीत, आलेला प्रत्येक पाहुणा पहिलं वाक्य 'धाकटी गोरी आहे नाही' असं बोलायचा. घरात कोणी वाईट नव्हतं. आईसुद्धा प्रेमानेच बेसन-दही लावायची. पण त्याचा परिणाम असा झाला की कोणी माझ्याकडे टक लावून बघितलं तर मी पहिली ओढणी तपासायची, कपड्याला काही लागलंय का. कॉलेजात एक मुलगा माझ्याशी बोलताना अडखळायचा, मला वाटायचं याला माझ्याशी बोलायचं नाहीये, याचे मित्र याला ढकलतायत. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर अख्खं ठाणं नटून येतं, तिथे कोणीतरी 'साडी फार छान दिसतेय' म्हणालं, तर मी 'बहिणीची आहे' असं उत्तर दिलं. साडी माझीच होती.

नवरा लग्नानंतर म्हणाला, "तू त्या हळदीकुंकवाला आत आलीस तेव्हा मी वाक्य अर्धवट सोडलं होतं, तुला आठवतं?" मला आठवत होतं. मला वाटलं होतं माझ्याबद्दलच काहीतरी बोलत होते म्हणून गप्प झाले.

माझ्यासारख्या मुली वाचत असतील त्यांना सांगते. लोक कौतुक तोंडावर करत नाहीत याचा अर्थ त्यांना काही वाटत नाही असा होत नाही. बऱ्याचदा ते गृहीत धरतात की हिला माहीतच असणार. तुम्ही 'मी काही दिसायला बरी नाही' म्हणालात आणि समोरच्याला खरंच आश्चर्य वाटलं, क्षणभर त्याला काय बोलावं सुचलं नाही, तर ते आश्चर्य खरं माना. लिफ्टमध्ये अनोळखी बायका आपणहून बोलतात, 'कानातलं कुठून घेतलंत' विचारतात, लहान मुलं टकामका बघत राहतात, घोळक्यात तुमच्यासाठी आपोआप जागा होते. मी या सगळ्याला वर्षानुवर्षं दुसरं कारण शोधत होते.

—

प्राजक्त_सकाळ

सांज, काय लिहिलंयस गं. "साडी माझीच होती" वाचून डोळ्यांत पाणी आलं.

—

अनुभाव

सावळी_सांज यांच्या प्रतिसादातला अडखळणारा मुलगा आणि अर्धवट सुटलेलं वाक्य, या दोन्हींना आपल्याकडे फार जुनी जागा आहे.

मी हौशी नाटकवाला. गडकरी रंगायतनच्या विंगेत बरीच वर्षं गेली. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. थिजणं, घाम, अंगावर काटा, आवाज फुटणं, कंप, रंग उतरणं, डोळे भरणं, भान हरपणं. हात कसा उचलायचा, मान कशी वळवायची हे तालमीत बसवता येतं. अंगावर काटा हुकमी आणता येत नाही. म्हणूनच भरताने त्यांना बाकीच्या अभिनयापासून वेगळं काढलं, त्यासाठी मन खरोखर तिथे असावं लागतं म्हणाला.

आता गंमत बघा, या आठांतली एकही गोष्ट 'देखणी' नाही. घाम फुटणं, जीभ जड होणं, हात थरथरणं. आवडत्या माणसासमोर माणूस देखणा दिसायच्या ऐवजी बावचळतो. आपण शोधत असतो ते सिनेमातल्यासारखं रुबाबदार हसणं, आणि समोर येतो तो चहा सांडणारा मुलगा. एरवी सफाईने बोलणारा तुमच्यासमोर शब्द शोधत असेल तर तो तुम्हाला टाळतोय असं चटकन मानू नका. अर्थात भीतीनेही घाम फुटतो, म्हणून सात्त्विक भाव एकटा वाचायचा नसतो, तो कुठल्या प्रसंगात आलाय ते बघायचं असतं. मासुंदाताई जे 'फरक बघा' म्हणतायत ते हेच.

—

कलावंतीण_कडा

अनुभाव यांच्या 'भीतीनेही घाम फुटतो' वरून. आम्ही पनवेलवरून प्रबळगड-कलावंतीणला ग्रुप नेतो. त्या पायऱ्यांवर एका बाजूला दरी असते. तिथे कोणीतरी हात दिला, उतरून खाली चहा प्यायला बसलो, की हमखास दोघांना वाटतं काहीतरी 'झालंय'. १९७४ मध्ये डटन आणि अ‍ॅरन यांनी कॅनडात कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलावर हेच तपासलं होतं. उंच डगमगत्या पुलावर एका तरुणीने पुरुषांना थांबवून प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. कमी उंचीच्या भक्कम पुलावर भेटलेल्या पुरुषांपेक्षा या पुरुषांनी तिला नंतर जास्त फोन केले. छातीतली धडधड पुलाची होती, त्यांनी ती तिच्या नावावर मांडली.

म्हणून आमच्या ग्रुपमधल्या मुलांना मी सांगतो, ट्रेकवर काही ठरवू नका. पुढच्या आठवड्यात वाशी स्टेशनबाहेर दिवसाढवळ्या भेटा, घाम गाळून नाही, आणि तेव्हाही बोलावंसं वाटतंय का बघा.

—

मीठभाकर

डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात म्हणे आवडता माणूस दिसला की. ते खरं का?

—

मासुंदा

होतात. हेस आणि पोल्ट यांनी १९६० मध्ये ते मोजून दाखवलं होतं. पण त्याच दोघांनी १९६४ मध्ये हेही दाखवलं की मनातल्या मनात गुणाकार करायला दिला तरी बाहुल्या मोठ्या होतात. मंद उजेडात तर सगळ्यांच्याच होतात. त्यामुळे हॉटेलात बसून एकमेकांच्या बाहुल्या मोजू नका.

—

फलाट_दहा

अंतराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये मांडलं होतं की सुमारे दीड फुटाच्या आत आपण फक्त अगदी जवळच्यांना येऊ देतो, आणि ओळखीचे लोक साधारण चार फुटांपर्यंत. पण ती मापं अमेरिकन लोकांवरून काढलेली. सकाळी ठाणे स्टेशनात उभं राहून ही मापं लावाल तर वेड लागेल. आपल्याकडे जवळ उभं राहणं ही खूणच नाही. खूण आहे ती गर्दी ओसरल्यावर. कोपरखैरणेला डबा निम्मा रिकामा होतो, बसायला समोर जागा असते, तरी एखादा माणूस तुमच्याशी बोलत तिथेच उभा राहतो.

—

सीवूड्सची_काकू

इथे बहुतेक तरुण मंडळी आहेत. मी एकसष्ट वर्षांची. लिहू की नको असं झालं होतं.

यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी पुण्याला. नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला मी रोज सकाळी फिरायला जाते, आमचा सात-आठजणांचा ग्रुप आहे. त्यातले एक गृहस्थ, तेही एकटेच आहेत. माझा गुडघा दुखतो त्यामुळे मी सगळ्यांत मागे. ते पूर्वी सगळ्यांत पुढे चालायचे, ताडताड. आता माझ्या चालीने चालतात. कधी काही बोलले नाहीत. बाकावर बसायची वेळ आली की ते आधी जाऊन उन्हाचा बाक सोडून सावलीतला धरतात. मी मुलीकडे पंधरवडाभर गेले होते. परत आले तर म्हणाले, "खाडीत फ्लेमिंगो आलेत यंदा, तुम्हाला दाखवायचे होते." इतरांनी सांगितलं की तेवढे दिवस ते लवकर निघून जायचे.

अनुभाव यांनी लिहिलेलं घाम-थरथर आमच्या वयात डॉक्टरकडे नेण्यासारखं असतं, त्यामुळे त्यावरून काय समजायचं. पण चाल बदललेली मला कळली. मला ते आवडतंय, हेही कळलंय. लोक काय म्हणतील हा प्रश्न आहेच, मुलीचाही आहे. कोणाला विचारावं असं नव्हतं, म्हणून इथे लिहिलं.

—

मासुंदा

काकू, तुम्ही लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. जोरात चालणाऱ्या माणसाने रोज, न सांगता, आपली चाल कमी करणं. मी या धाग्यात जे सांगायचा प्रयत्न करत होते ते तुमच्या गृहस्थांनी करून दाखवलंय. एरवीपेक्षा वेगळं, फक्त तुमच्यासाठी, आणि रोज.

आमच्या मंडळात पन्नाशीनंतरच्या नोंदण्या वाढल्यात, आणि बहुतेकांच्या बाबतीत मुलांनीच पुढाकार घेतलेला असतो. मुलीशी बोलून बघा. घाई करू नका, पण ते 'दाखवायचे होते' म्हणाले, तर "मग दाखवा की" एवढं म्हणायला हरकत नाही. फ्लेमिंगो बघायला दोघांनीच गेलात तर कोणाला हिशोब द्यायचा नाहीये.

—

खारेगाव_टोकावर

काकू, नक्की जा. टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला भरती कधी आहे ते बघून जा, पाणी चढायला लागलं की पक्षी काठाजवळ सरकतात.

—

वर्तकनगर_वाचक

सगळं वाचलं. एक बाजू राहिली. खुणा कळल्या, पण आपल्याला त्या माणसात रस नाही, तेव्हा काय करायचं? मैत्रिणी सगळ्या म्हणतात 'लक्ष देऊ नकोस, आपोआप समजेल'. माझ्या बाबतीत आपोआप कधीच समजलं नाही. चांगला मुलगा आहे, दुखवायचंही नाहीये, रोज भेटतो.

—

दंतकथा_कोपरखैरणे

मी तर म्हणेन लवकर सांग. लक्ष न देणं ही पण त्याच्या दृष्टीने एक खूणच होते, तो तिचा हवा तो अर्थ लावतो.

—

मासुंदा

अगदी बरोबर. नकार कळवायचा फोन माझ्या कामात रोजचाच आहे, म्हणून त्यावर थोडं सांगते. कारणं देऊ नका. 'सध्या लग्नाचा विचार नाही', 'घरचे ऐकणार नाहीत' असं म्हटलं की समोरचा ते कारण दूर करायला बसतो. पुढच्या वर्षी विचारतो, घरच्यांना भेटतो. कारण नसलेला नकार ऐकायला जड जातो, पण त्यात लटकत राहायला जागा नसते. चारचौघांत सांगू नका, मेसेजवर लांबवू नका, एकट्याला पण मोकळ्या जागी सांगा. आणि त्याने अजून काही विचारलेलंच नसेल तरी बोलता येतं: "तुझ्या वागण्यातून मला असं वाटतंय, माझा अंदाज चुकला असेल तर सोडून दे. पण माझ्या मनात तसं नाही, आणि तू आशेवर राहू नयेस म्हणून सांगतेय." त्यानंतर काही दिवस एकत्र चहा, एकत्र परतीचा प्रवास बंद ठेवा. वाईट वाटून दुसऱ्याच दिवशी जास्त गोड वागायला जाऊ नका, बहुतेकींचं तिथे बिघडतं. त्याला वाईट वाटेल, ते त्याला वाटू द्या.

—

घणसोलीकर

सगळ्यांचे आभार. आठवडा नाही बघितला, खारेगाव म्हणाले तसं परवा विचारलं. 'आपण दोघंच' हेही म्हटलं. शनिवारी तिच्या मावशीकडे सत्यनारायण आहे. रविवारी संध्याकाळी साडेपाचला उपवन ठरलंय, वेळ तिनेच सांगितली.